कम्यून (फ्रान्स)

कम्यून हा फ्रान्सच्या स्थानिक प्रशासनातील सर्वांत लहान घटक असून मार्सेयसारखे मोठे बंदर आणि शंभराहूनही कमी वस्तीचे खेडे या दोहोंना कायद्याने हीच संज्ञा लागू पडते. देशात सुमारे 35,000 कम्यून आहेत. कम्यूनच्या वरच्या स्तरांवर आराँदिसमाँ (उपजिल्हे), 101 देपार्तमाँ (जिल्हे) आणि 18 रेजियाँ (प्रदेश) येतात. काँताँ हा कम्यूनांचा गट असलेला विभाग आता प्रामुख्याने निवडणुकीपुरता उरला आहे. पुदुच्चेरीच्या ग्रामीण भागातील ‘कम्यून पंचायत’ या नावात फ्रेंच राजवटीतील हीच संज्ञा टिकून आहे.

फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात, डिसेंबर 1789 मध्ये, राष्ट्रीय संविधानसभेने ही व्यवस्था निर्माण केली, तेव्हा कम्यूनच्या सीमा बहुतांशी जुन्या चर्च-परगण्यांच्याच राहिल्या. 1790 मध्ये आखलेल्या 83 देपार्तमाँना मात्र जुन्या प्रांतांची ओळख पुसली जावी म्हणून मुख्यतः नद्या आणि पर्वत यांची नावे देण्यात आली. 1793–94 मध्ये संतांची नावे वगळण्याची लाट आली व पॅरिसजवळील सँ-दनीचे (‘सँ’ म्हणजे संत) ‘फ्राँसियाद’ झाले; परंतु अशी बहुतेक नावे अल्पकाळच टिकली.

कम्यूनची नावे या व्यवस्थेहून कितीतरी जुनी आहेत. त्यांपैकी ‘-आकुम’ हा प्रत्यय असलेल्या नावांचा गट सर्वांत वादग्रस्त ठरला आहे. हा प्रत्यय मूळचा गॉलिश (रोमनपूर्व फ्रान्समधील केल्टिक भाषेतील) असून लॅटिनमध्ये रूढ झाला. दक्षिणेत त्याचे ‘-आक’ झाले, तर उत्तरेत तो बहुधा ‘-ई’ असा झिजला. त्यामुळे ‘आउरेलिआकुम’ या एकाच रूपापासून दक्षिणेत ओरियाक आणि पॅरिसजवळ ओर्ली, तर ‘फ्लोरिआकुम’पासून फ्ल्वाराक आणि फ्लरी ही नावे आली. अशी नावे जमीनमालकाच्या रोमन कुलनामावरून पडली आणि त्यांतून रोमन काळातील खासगी जमीनधारणेचा मागोवा घेता येतो, असे मत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच इतिहासकार द’आर्ब्वा द झ्यूबँव्हील यांनी मांडले. आउरेलियुससारख्या रोमन कुलनामांबाबत ते ग्राह्य वाटते. तथापि प्रत्ययाचा मूळ अर्थ केवळ ‘-चे’ किंवा ‘-चे स्थान’ असा असल्याने तो झाडांच्या नावांनाही लागू शकतो (इंग्लंडमधील यॉर्कचे प्राचीन नाव एबोराकुम हे बहुधा यू या सदाहरित वृक्षावरून आले आहे). शिवाय अनेक नावांची पहिली नोंद मध्ययुगीन दस्तऐवजांतच आढळते आणि तेथील लॅटिन रूप कित्येकदा लेखनिकाने स्वतः घडवलेले असते. म्हणून प्रत्येक नावामागे एक मालक उभा करण्यापेक्षा उपलब्ध जुन्या रूपांची स्वतंत्र छाननी करणे अधिक सुरक्षित ठरते. या गटातील बरीचशी नावे रोमन काळातील असावीत. काही जर्मानिक व्यक्तिनामांपासून नंतर बनली.

‘-कूर’ आणि ‘-व्हील’ या शेवटांची नावे बहुतांशी फ्रँक या जर्मानिक लोकांच्या राजवटीच्या काळापासूनची मानतात, तर नॉर्मंडीतील इव्हतो, कोदबेक ही नावे नॉर्स (स्कँडिनेव्हियन) वसाहतींची साक्ष देतात.

पहिल्या महायुद्धातील व्हेर्दँच्या लढाईत (1916) उद्ध्वस्त झालेल्या गावांपैकी सहा गावे पुन्हा वसली नाहीत, तरी त्यांचा कम्यूनचा दर्जा कायम आहे. तेथे मतदार नसल्याने महापौराची नेमणूक प्रीफेक्ट (देपार्तमाँमधील केंद्र शासनाचा प्रतिनिधी) करतो. फ्लरी-दव्हाँ-द्वोमाँ हे त्यांपैकीच एक आहे.