वाऱ्यावरचं तळण

एअर फ्रायर घरात आला त्या रविवारी बाहेर पाऊस लागला होता, त्यामुळे पहिला मान कांदाभज्यांचा हे न बोलता ठरलं. नेहमीसारखं बेसन भिजवलं, ओवा-तिखट घातलं, जाळीवर चमच्याने भजी सोडली आणि १८० अंशांवर पंधरा मिनिटं लावली. टोपली बाहेर ओढली तेव्हा निम्मं पीठ जाळीतून गळून खाली वाळलं होतं. वर राहिलेल्या गोळ्यांना फिकट, तडे गेलेली साल आली होती आणि बाहेर डोकावणारे कांद्याचे धागे काळे पडले होते. सासूबाईंनी एक तुकडा मोडून पाहिला. "अगं, हे तळणं कुठलं? हे तर वारा घालून भाजणं झालं."

मी तेव्हा चिडले होते. पण ओळखीतलं कुणी "घेऊ का गं एअर फ्रायर?" असं विचारतं, तेव्हा मी हेच वाक्य ऐकवते. त्याच्यापुढे फक्त हिशेब उरतो.

यंत्र तसं साधं आहे. वर तापणारी कॉइल, तिच्यावर पंखा, खाली जाळीची टोपली, आणि हे सगळं अगदी लहान जागेत कोंबलेलं. पंखा तापलेली हवा जोरात खाली लोटतो, ती जाळीखालून फिरून पुन्हा वर जाते. ओव्हनमध्ये पंखा बसवण्याची कल्पना जुनीच आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत विल्यम मॅक्सन यांनी विमानात गोठवलेलं जेवण गरम करण्यासाठी असा ओव्हन तयार केला होता. घरगुती एअर फ्रायर मात्र डच डोक्यातून आला. फ्रेड व्हान डेर वाय या संशोधकाला कढईभर तेलाशिवाय कुरकुरीत फ्राइज हवे होते. त्यांची कल्पना फिलिप्सने घेतली आणि २०१० मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात हे यंत्र लोकांपुढे आलं. फ्राइजवर जीव असलेल्या देशात, फ्राइजसाठी जन्मलेलं यंत्र. याचं महत्त्व पुढे कळेल.

आता कढईत काय होतं ते पाहू. १८० अंशांच्या ओव्हनमध्ये आपण ट्रे उचलायला क्षणभर हात घालतो, काही होत नाही. १८० अंशांच्या तेलाचा एक थेंब उडाला तरी फोड येतो. तापमान तेच आहे, फरक उष्णतेच्या साठ्यात आहे. एक अंशाने थंड होताना एक लिटर गरम तेल जेवढी उष्णता देतं, तिच्या दोनहजारावा हिस्सासुद्धा एक लिटर गरम हवेकडे नसतो. शिवाय तेल पदार्थाला सगळ्या बाजूंनी चिकटतं, बुडबुड्यांनी घुसळलं जातं. पंखा लावून हवा कितीही पळवली, तरी उष्णता आत शिरण्याचा वेग कढईच्या ढोबळमानाने दहावा हिस्सा राहतो, बरेचदा त्याहूनही कमी. पंख्याशिवायच्या साध्या ओव्हनहून मात्र तो बराच चांगला.

भज्यांचं गणित इथेच फसतं. सैलसर पीठ तेलात पडलं की दोन-तीन सेकंदांत त्याचा बाहेरचा थर धरतो. म्हणजे तेल नुसतं शिजवत नाही, साच्याचंही काम करतं. बटाटेवड्याला गोल पारीचं पांघरूण मिळतं ते तेलामुळेच. हवेत पीठ धरायला काही मिनिटं लागतात, आणि तोवर गुरुत्वाकर्षण थांबत नाही.

पुरीची गोष्ट आणखी गमतीची. पुरी फुगते आतल्या पाण्याची वाफ एकदम झाल्यामुळे. बाहेरचा पापुद्रा झटकन बंद झाला पाहिजे आणि वाफ त्याच वेळी जोरात तयार झाली पाहिजे. एअर फ्रायरमध्ये पुरी आधी वाळते, वाफ हळूहळू निसटते आणि हातात येते पापडी. पण मग फुलका थेट आचेवर कसा फुगतो? तिथे तर तेल नसतंच! कारण गॅसची ज्योत हजार अंशांच्या वर असते. म्हणजे दोष हवेचा नाही, १८० किंवा २०० अंशांच्या हवेचा आहे.

हे लक्षात आल्यावर मी घरातल्या तळणाकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले. काही पदार्थांना आकार तेल देतं: भजी, बटाटेवडे, पुऱ्या, अनारसे. काहींचा आकार तेलात पडण्याआधीच पक्का झालेला असतो: कोथिंबीर वडी, अळूवडी, कटलेट, वांग्याचे आणि सुरणाचे काप, रवा लावलेली सुरमई. पहिल्या गटाला एअर फ्रायर नको म्हणजे नको. दुसऱ्यात तो छान चालतो, आणि त्यातही वाफवून घेतलेल्या वड्या तर त्याच्यासाठीच केल्यासारख्या. आत शिजलेलं असतंच. उरतं ते बाहेरून पाणी काढून टाकणं आणि रंग आणणं.

पाणी काढून टाकणं हे खरं मोठं काम. १०० ग्रॅम पाणी ३० अंशांपासून उकळीपर्यंत न्यायला साधारण २९ किलोज्यूल लागतात, आणि त्याच पाण्याची वाफ करायला २२६. जवळपास आठपट! पृष्ठभाग ओला आहे तोवर त्याचं तापमान शंभराच्या आसपास अडकून राहतं. तो कोरडा पडला आणि १४०च्या घरात गेला की प्रथिनं आणि साखर यांची ती प्रसिद्ध प्रक्रिया जोर धरते. लुई कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून मायार प्रक्रिया. आपण तिला खमंग वास म्हणतो. म्हणूनच वडी जाळीवर ठेवण्याआधी पूर्ण गार करून कोरडी करायची, कापांना सुटलेलं पाणी टिपून घ्यायचं. बोंबलासारखा पाणीदार मासा वजनाखाली दाबून निथळला नाही, तर आपल्याच पाण्यात शिजून लिबलिबीत होतो.

आणि एक चमचा तेल लावायचंच. 'बिनतेलाचं' या शब्दाच्या मोहात पडून मी पहिले काप कोरडे ठेवले होते; रवा पांढरा राहिला, खाताना घशात अडकला. तेलाचा पातळ थर रव्याच्या दाण्यांमधल्या फटी भरतो, उष्णता आत पोचवतो, मसाल्याचा वास धरून ठेवतो.

आता फ्राइजकडे परत येऊ. दुकानातून आणलेले फ्रोजन फ्राइज एअर फ्रायरमध्ये सुरेख होतात आणि दुकानदार ते करून दाखवतो तेव्हा आपण भारावून जातो. पण हे फ्राइज कारखान्यात आधीच तेलातून काढून गोठवलेले असतात. पाकिटामागे घटकांत तेल लिहिलेलं असतं, वाचा. आपल्या हाताने चिरलेला बटाटा तितका जमत नाही यात आपली चूक नाही.

मग तेल किती वाचतं? पूर्ण तळलेल्या फ्राइजमध्ये साधारण १२ ते १५ टक्के स्निग्धांश असतो. २०० ग्रॅमच्या बशीत २५-३० ग्रॅम तेल धरा, म्हणजे अडीचशेच्या आसपास कॅलरी नुसत्या तेलाच्या. दोन छोटे चमचे तेल लावून केलेल्या फ्राइजमध्ये हा आकडा नव्वदच्या आसपास येतो. बचत खरी आहे. पण अळूवडी तुम्ही तव्यावर तीन चमचे तेलात परतत असाल, तर फरक किरकोळ. आणि तळण महिन्यातून दोनदाच होत असेल, तर वर्षाचा हिशेब मांडण्यातही अर्थ नाही. (तेल बरंचसं आत शिरतं ते पदार्थ झाऱ्याने बाहेर काढल्यावर. आतली वाफ गार होऊन दाब कमी होतो आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. कढईतून काढल्या काढल्या नीट निथळलं आणि गरम असतानाच टिपलं, तर फुकटात थोडं तेल वाचतं.)

मला मोठा फायदा वाटतो तो उरलेल्या तळणीच्या तेलाचा. कढईत तळलं की वाटीभर तेल उरतं, ते टाकवत नाही, मग पुढच्या तळणात, फोडणीत जातं. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलात नको ती संयुगं साठत जातात. एफएसएसएआय या आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तेलातल्या अशा (ध्रुवीय) संयुगांची मर्यादा २५ टक्के ठरवली, ती १ जुलै २०१८ पासून लागू झाली. हॉटेलात ती मोजता येते. घरच्या ओट्याखालच्या किटलीत कोण मोजणार? शिवाय कडकडीत तेलाचा धूर. खूप तापवून तळताना निघणारा धूर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 'बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकला आहे, आणि चिमणी नसलेल्या स्वयंपाकघरात तो रोज कुणाच्या छातीत जातो हे सांगायला नको.

अ‍ॅक्रिलामाइडच्या बाबतीत मात्र यंत्राला आंधळं प्रशस्तिपत्र देऊ नका. पिष्टमय पदार्थ १२० अंशांवर तापले की हे घातक मानलं जाणारं रसायन तयार होतं. खाण्यातलं त्याचं अस्तित्व २००२ मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी उघड केलं. ते तेलामुळे होत नाही, उष्णतेने आणि कोरडेपणाने होतं. म्हणजे एअर फ्रायरमध्ये बटाटा गडद तपकिरी केलात तर तेही आलंच. चिरलेला बटाटा अर्धा तास पाण्यात ठेवून पुसायचा, सोनेरी झाला की थांबायचं, आणि कच्चे बटाटे फ्रीजमध्ये ठेवायचे नाहीत, कारण थंडीत त्यांच्यातली साखर वाढते.

आता माणसं मोजा. खोक्यावर '४ लिटर' लिहिलेलं असतं, पण वारा खालून-वरून फिरायचा असेल तर एकच थर लावता येतो. म्हणून लिटर विसरा, टोपलीचा तळ मोजा. वीस बाय वीस सेंटिमीटरच्या तळावर पाच सेंटिमीटरच्या अळूवड्या बसतात सोळा. आम्ही सहाजण, माणशी पाच म्हणजे तीस. दोन घाणे, प्रत्येकी पंधरा मिनिटं, अर्धा तास. कढईत तेवढ्याच वड्या पंधरा मिनिटांत होतात, आणि पहिला घाणा गार व्हायच्या आत शेवटचा ताटात पडतो. पाहुणे आले की आमच्याकडे अजूनही कढईच निघते.

पण 'वेळ' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. कढईची पंधरा मिनिटं तिच्यासमोर झारा घेऊन उभं राहण्याची असतात. एअर फ्रायरच्या अर्ध्या तासात मध्ये एकदा उलटायचं, बाकी वेळ मोकळा. सकाळी साडेसहाला एका शेगडीवर पोळ्या, दुसऱ्यावर भाजी आणि तिकडे डब्यातले पनीरचे तुकडे आपापले होत असतात, तेव्हा त्याची किंमत कळते. दोघा-तिघांच्या घरात तर एकाच घाण्यात काम होतं. शिळा समोसा ताजा करायला याच्यासारखं दुसरं काही नाही. मायक्रोवेव्ह आतलं पाणी तापवतो, वाफ गार सालीवर येऊन बसते आणि समोसा वातड होतो. इथे साल आधी वाळते.

विजेचं थोडक्यात. १५०० वॉटचं यंत्र वीस मिनिटं सलग चाललं तर अर्धा युनिट. थर्मोस्टॅट मधूनमधून बंद करतो म्हणून त्याहून कमीच. मोठा ओव्हन नुसता तापायलाच बराच वेळ घेतो, त्यापुढे हे स्वस्त. हिशेब करताना दर मात्र बिलातल्या सर्वांत वरच्या टप्प्याचा धरा, कारण ही वीज नेहमीच्या वापरावर चढते. आणि खरेदीआधी ओट्यावरचा पॉइंट बघा. १५०० वॉट म्हणजे साडेसहा अँपिअर. साधा पॉइंट सहाचा असतो. आमच्याकडे पहिल्या आठवड्यात प्लगचं प्लास्टिक तापून वास यायला लागला. फ्रीज हलवून मोठा पॉइंट मोकळा करावा लागला, आणि फ्रीज अजून त्या कोपऱ्यात अवघडून उभा आहे. मिक्सर, कुकर, पाण्याचं पिंप एवढं झाल्यावर ओट्यावर अजून दीड वीत जागा मोकळी आहे का, हेही टेपने मोजा. कपाटात ठेवलेला एअर फ्रायर बाहेर निघत नाही.

टोपली रोज घासावी लागते, आणि ती तारेच्या घासणीने नाही. नॉनस्टिकचा लेप २०० अंशांना टिकतो, ओरखड्यांना नाही.

आमच्या यंत्राला शेवटी काम दिलं ते सासूबाईंनीच. पावसाळ्यात डब्यातल्या चकल्या सादळल्या होत्या. कुरकुरीत पदार्थातला स्टार्च काचेसारखा कडक असतो, हवेतलं थोडंसं पाणी शोषलं की तो रबरासारखा होतो. पाणी घालवलं की पुन्हा काच. त्यांनी चकल्या १२० अंशांवर चार मिनिटं ठेवल्या, गार होऊ दिल्या, एक मोडली. कट्टकन आवाज आला. आता शेंगदाणेही त्यातच भाजतात, काजूही. परवा त्यांनी पोह्याचा पापड ठेवला. पंख्याने तो उचलला, थेट कॉइलला चिकटला आणि घरभर जळका वास. "वारा घालून भाजायचं म्हटल्यावर," त्या खिडकी उघडत म्हणाल्या, "पापडावर काहीतरी वजन ठेवायला हवं होतं."