अबोला आणि वाळीत

अबोला धरणं हा गुन्हा नाही. बांधावरून भांडण झालं, चुलतभावाशी बोलणं बंद झालं, तर कायद्याला त्यात काही म्हणायचं नसतं. गंमत अशी, की गावकीनं एखादं घर वाळीत टाकलं की शेजारीही हेच सांगतात: ‘आम्ही काही केलं नाही, फक्त बोलत नाही.’ दोन्हीकडे दिसतं सारखंच, तोंड फिरवणं.

ओळखायचं कसं? अबोल्याला ज्याचं त्याचं कारण असतं आणि तो मोडला तर कुणी जाब विचारत नाही. वाळीत टाकल्यावर मात्र दुकानदार, गिरणीवाला, हळदी-कुंकवाला बोलावणारी, सगळे एकाच आठवड्यात बदलतात आणि त्या घराशी बोलणाऱ्यालाही दंड पडतो. म्हणून स्वतःला एवढंच विचारावं: उद्या मी त्यांच्याकडे चहाला गेलो, तर माझ्यावर काय येईल? उत्तरात गावकी आली, तर तो अबोला नव्हे.

महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा 2016 चा, लागू झाला जुलै 2017 मध्ये. बहिष्कार घालणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. चिथावणारा आणि मदत करणाराही त्यात येतो. तक्रार पोलिसांकडे किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करता येते. पीडिताच्या घरचं माणूसही करू शकतं.

मग प्रकरणं ढेपाळतात कुठे? साक्षीला. वाळीत टाकण्याचा ठराव सहसा तोंडीच असतो, त्यामुळे कागद सापडत नाही. उरतात बैठकीला बसलेले लोक, आणि ते म्हणतात, ‘आम्हाला ठाऊक नाही.’ वाळीत टाकणं चालतं ते पंचांच्या हुकमापेक्षा या गप्प बसण्यावर; चार-पाच पंच काही गिरणी बंद करू शकत नाहीत. भीती खरी असते, हे नाकारण्यात अर्थ नाही, तोंड उघडलं तर गावकीचा दंड या साक्षीदारांनाही पडतो. पण त्या भीतीची किंमत भरतं दुसरंच घर, मर्तिकाला चार खांदे न मिळणारं.

उघड विरोध झेपत नसेल, तर निदान नोंद ठेवावी: बैठकीची तारीख, जागा, कोण काय बोललं, कोणत्या दुकानानं कधी माल नाकारला. त्याच रात्री लिहावी. महिन्यानं आठवून लिहिलेल्या नोंदीतल्या तारखा उलटतपासणीत घसरतात. आणि दळण नाकारू नये. ‘गिरणी सगळ्यांची आहे’ एवढं म्हणायला पुढारी व्हावं लागत नाही.