पार्श्वभूमी : दम्याच्या औषधातली ‘डीएनएसारखी’ रचना

क्रोमोग्लायकेट या दम्याच्या जुन्या औषधाचे रेणू पाण्यात आपोआप डीएनएसारखे रचले जातात, असं हल्ली बऱ्याचदा छापून येतं. त्यात तथ्य आहे, पण ‘सारखे’ म्हणजे किती, हा खरा प्रश्न.

औषधाचं मूळ इजिप्तकडच्या खेल्ला वनस्पतीत. तिच्यातल्या खेलिनवरून ब्रिटनमध्ये नवी संयुगं बनवली गेली. ती तपासणारा डॉक्टर स्वतःच दमेकरी. आधी संयुग ओढायचं, मग गिनीपिगच्या केसांचा अर्क हुंगायचा, आणि दमा लागतो का ते बघायचं! 1965च्या सुमारास हे संयुग हाती लागलं.

पण कॅप्सुलमधली ही पूड दमट हवेतलं पाणी शोषून घेते, तेव्हा तिचा अभ्यास करणं भागच होतं. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला दिसलं, की पुरेसं पाणी मिळालं की ही पूड साधं द्रावण न होता द्रवस्फटिक बनते, म्हणजे द्रवासारखी वाहते, पण आतली रचना स्फटिकासारखी एका दिशेने लागलेली असते. साबणही पाण्यात द्रवस्फटिक बनवतो, पण त्याच्या रेणूला लांब स्निग्ध शेपूट असतं, तसं इथे काहीच नाही. दोन चपट्या चकत्या, त्यांना जोडणारा छोटा दुवा आणि कडेला सोडियमचे क्षार, एवढाच हा रेणू.

मग तो रचला कसा जातो, यावर बराच काथ्याकूट झाला. सुरुवातीच्या एका प्रारूपात चार बाजूंना रेणू आणि मधे पाणी, असा पोकळ चौकोनी धुराडा कल्पिला होता. कागदावर तो फारच देखणा दिसतो, आणि माझ्या मते म्हणूनच तो गरजेपेक्षा जास्त टिकला. पुढे नाण्यांसारखी साधी चळत मान्य झाली. क्ष-किरणांनी दोन थरांमधलं अंतर सुमारे 0.34 नॅनोमीटर भरलं. डीएनएच्या पायऱ्यांमधलंही तेवढंच. साम्य इथे आहे, आणि ते पक्कं आहे.

बाकी फरकच जास्त. डीएनएच्या पायऱ्या साखर-फॉस्फेटच्या कण्याने बांधलेल्या असतात. इथे कणा नाही, त्यामुळे तापवलं की चळती तुटून आखूड होतात आणि औषधाचं प्रमाण वाढवलं की लांबतात. त्यांची लांबी नेमकी किती, यावर अजून एकमत नाही. काहींच्या मते चळतींना मधेच फाटे फुटतात.

पीळही उपजत नाही, कारण रेणू उजवा-डावा नसतो, म्हणजे तो आणि त्याची आरशातली प्रतिमा एकसारखीच असते. 1980च्या दशकात अमिनो आम्लं मिसळून पीळ आणला गेला. 2010नंतर मात्र लहान थेंबांत असं उजवं-डावं काहीही न मिसळता पीळ दिसला, कधी उजवा, कधी डावा, कारण हे द्रवस्फटिक वाकवण्यापेक्षा पिळणं कितीतरी सोपं असतं. मधल्या काळात, 2007 साली, उलट दिशेनंही पुरावा मिळाला. डीएनएचे 6 ते 20 जोड्यांचे, म्हणजे तेवढ्याच पायऱ्यांचे, तुकडे टोकाला टोक लावून असेच द्रवस्फटिक बनवतात.

औषध विषारी नसल्यामुळे आता त्यात जिवंत जिवाणू सोडतात. द्रवस्फटिकाची रचना ज्या दिशेने लागलेली असते, तिला धरूनच ते पोहतात आणि त्यांच्या शेपट्यांमागे उठणारे तरंग सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसतात.