कार्बनच्या खोल रिमची चाके आणि साताऱ्याचा वारा

रविवारी पहाटे साताऱ्यातून यवतेश्वरचा घाट चढणाऱ्या सायकलींमध्ये अधूनमधून एखादी अशी दिसते, की तिच्या चाकांची रिम चार बोटे खोल, काळी आणि पोकळ असते, आरे मोजकेच असतात आणि उतारावर ती शेजारून गेली की रिकाम्या घागरीत वारा शिरल्यासारखा घुमारा ऐकू येतो. हवेचा विरोध कमी व्हावा म्हणून घडवलेली ही कार्बनची चाके एकेकाळी केवळ व्यावसायिक शर्यतींतच दिसत. आता रोज सायकलने कामावर जाणारे आणि सुट्टीच्या दिवशी कासची वाट धरणारेही ती घ्यावीत का, असे विचारू लागले आहेत. या प्रश्नाचे उत्तर बहुधा किमतीच्या आणि ग्रॅमच्या भाषेत दिले जाते. परंतु या चाकांचा प्रत्येक गुण आणि प्रत्येक दोष विशिष्ट गरजेतून जन्मलेला आहे, आणि ती गरज कोणाची होती हे पाहिल्याशिवाय आपल्याला त्यांचा उपयोग किती, हे ठरवता येत नाही.

आपल्याकडच्या बैलगाडीचे चाक ओझे दाबाने पेलते. गाडीचा भार आसावरून तुंब्यावर, म्हणजे चाकाच्या मधल्या गाभ्यावर, तुंब्यावरून खालच्या लाकडी आऱ्यावर आणि तेथून पुठ्ठ्यावर, म्हणजे चाकाच्या लाकडी कडेवर, व तिच्यावरच्या लोखंडी धावेवर उतरतो. सायकलच्या तारांच्या चाकाचे तत्त्व नेमके उलटे आहे. बारीक तार दाब सोसू शकत नाही, ओढ मात्र सोसते. म्हणून सगळ्या तारा आधीच ताणून ठेवलेल्या असतात आणि भार आला की खालच्या तारांचा ताण तेवढा कमी होतो. पॅरिसच्या यूजीन मेयर यांनी १८६९ मध्ये अशा ताणलेल्या तारांच्या चाकाचे पेटंट घेतले. १८७४ मध्ये इंग्लंडमधील जेम्स स्टार्ली यांनी तारा तुंब्याला स्पर्शरेषेत लावण्याची रीत आणली, ज्यामुळे पायडलचा जोर रिमपर्यंत नीट पोहोचू लागला. १८८८ मध्ये डनलॉप यांचा हवेचा टायर आला. त्याच वर्षी लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलीचे दुकान काढले. त्यांचा कारखाना पुढे १९१० मध्ये आजच्या सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडीला आला, तेव्हा आपल्या भागातील यंत्रोद्योगाचे एक मूळ सायकलीच्या चाकापर्यंत जाते, असे म्हणायला हरकत नाही.

हे तारांचे चाक इतके हलके, स्वस्त आणि दुरुस्तीला सोपे ठरले, की शंभर वर्षे त्याच्या मूळ रचनेला कोणी फारसा हात लावला नाही. रिंग आउट गेली, म्हणजे रिम वाकडी झाली, तर मिस्त्री सायकल उलटी करून चाक फिरवतो, ब्रेकच्या रबराजवळ कुठे घासते ते बोटाने हेरतो आणि स्पोकच्या चावीने एका बाजूचे निपल पाव फेरा आवळून समोरचे तितकेच सैल करतो. साताऱ्यातल्या ज्या दुकानात मी चाके आउट काढून घेतो, तेथील मिस्त्री तारा नखाने छेडून आवाजावरून ताण ओळखतात. तार तुटली तरी नवी घालून चाक तासाभरात रस्त्यावर येते. पुढे कार्बनच्या चाकांबद्दल जे काही म्हणायचे आहे, त्याची तुलना या साध्या सोयीशी आहे.

वाऱ्याचा प्रश्न मात्र तारांच्या चाकाने सोडवला नव्हता. चालत्या सायकलीच्या चाकाचा वरचा बिंदू सायकलीच्या दुप्पट वेगाने पुढे जात असतो, त्यामुळे तिथली प्रत्येक तार हवा घुसळत जाते. १९८४ च्या जानेवारीत इटलीचे फ्रान्चेस्को मोझर यांनी मेक्सिको सिटीत तासाच्या विक्रमासाठी, म्हणजे एका तासात जास्तीत जास्त अंतर कापण्यासाठी, तारांऐवजी भरीव तबकडीची चाके वापरली आणि प्रथम ५०.८०८ व चार दिवसांनी ५१.१५१ किलोमीटर अंतर कापले. आधीचा विक्रम बेल्जियमच्या एडी मर्क्स यांचा होता. त्यांनी तो १९७२ मध्ये त्याच शहरात, तारांच्या चाकांवर, ४९.४३१ किलोमीटरचा केला होता. मोझर यांची सायकलची ठेवण आणि अंगावरचे कपडेही वेगळे होते, म्हणून सगळे श्रेय चाकांना देणे चूक ठरेल. परंतु जगाच्या डोळ्यांत भरली ती तबकडीच. त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकी चमूनेही तशी चाके लावली. पुढे आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने साधनांच्या जोरावर झालेले असे विक्रम वेगळे काढून मर्क्स यांचाच आकडा पुन्हा मुख्य धरला, हा या इतिहासातला एक मजेदार मागे फिरलेला फेरा आहे.

तबकडीचा दोष पहिल्याच दिवसापासून ठाऊक होता. बंदिस्त ट्रॅकवर वारा समोरूनच येतो, पण उघड्या रस्त्यावर तो बाजूने आला की तबकडी शिडासारखी वागते, आणि ती पुढच्या चाकाला असेल तर हँडल हातात राहत नाही. या अडचणीतून तारा ठेवून रिमच खोल करायची, ही मधली वाट निघाली. अमेरिकेच्या मिनेसोटात १९८४ पासून चाके बनवणारे स्टीव्ह हेड आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हॉग यांनी रिमचा छेद निमुळत्या पाचरीऐवजी पोटाशी फुगीर केला, त्यामुळे थोडा तिरपा वाराही रिमला चिकटून वाहू लागला. इंडियानापोलिसच्या झिप कंपनीने तोच विचार पुढे नेला आणि २०१० च्या सुमारास रिमची आतली, तुंब्याकडची कडही गोलाकार केली. त्यामागचे कारण साधे, पण उशिरा सुचलेले आहे. चाकाच्या पुढच्या अर्ध्या भागात वारा आधी टायरला भेटतो, मागच्या अर्ध्या भागात मात्र तो आधी रिमच्या आतल्या कडेला भेटतो. म्हणजे रिमला दोन्ही बाजूंनी नाक हवे. अशी गोल कड असली की बाजूच्या वाऱ्याचा झटकाही हँडलवर कमी उमटतो.

या मधल्या काळातला एक प्रसंग चाके विकत घेऊ पाहणाऱ्याने अवश्य लक्षात ठेवावा. १९८९ च्या टूर द फ्रान्समध्ये शेवटच्या दिवशी २४.५ किलोमीटरची घड्याळाविरुद्धची, म्हणजे प्रत्येकाने एकट्याने वेळ नोंदवायची, शर्यत होती. लोरां फिन्यों यांच्या सायकलीला दोन्ही चाके तबकडीची होती, ग्रेग लेमाँड यांच्या सायकलीला फक्त मागचे. लेमाँड यांनी मात्र कोपर टेकवून अंग आवळून बसता येईल असे हँडल आणि निमुळते हेल्मेट वापरले, तर फिन्यों उघड्या डोक्याने, केसांची शेंडी वाऱ्यावर सोडून धावले. लेमाँड यांनी संपूर्ण टूर अवघ्या ८ सेकंदांनी जिंकली. हवेच्या एकूण विरोधाचा फार मोठा भाग स्वाराच्या अंगाचा असतो आणि चाकांच्या वाट्याला साधारण दहावा हिस्सा येतो, हे गणित पॅरिसच्या रस्त्यावर असे उघड झाले. फडफडणारे जॅकेट घालून कार्बनच्या चाकांवर बसणारा स्वार, माझ्या मते, फिन्यों यांचीच चूक विकत घेत असतो.

वेगाचे गणित याहूनही कडक आहे. हवेला कापण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. साध्या बैठकीच्या स्वाराला ताशी २० किलोमीटरला त्यासाठी सुमारे ३५ वॅट लागत असतील, तर ताशी ४० ला त्याच्या आठपट, म्हणजे २८० वॅट लागतात. आता खोल रिममुळे ताशी ४० ला १० वॅट वाचले असे धरले, तर २० ला वाचतात सव्वा वॅट. पोवई नाक्यावरून औद्योगिक वसाहतीकडे रिक्षा, एसटी आणि गुरे चुकवत जाणाऱ्याचा सरासरी वेग विशीच्या आतच राहतो, तेव्हा सव्वा वॅटचा हिशोब त्याने स्वतःच करावा. सांगलीकडून तासगावच्या किंवा मिरजेच्या सपाट रस्त्यावर पहाटे एकट्याने दम धरून तिशीच्या वर चालवणाऱ्याची गोष्ट वेगळी आहे. त्याला या चाकांचा उपयोग खरोखर जाणवतो आणि तो नाकारण्यात अर्थ नाही.

घाटात वजनाचे कौतुक होते, तेही तपासून घ्यावे. साध्या अ‍ॅल्युमिनियमच्या जोडीपेक्षा कार्बनची जोडी अर्धा किलोने हलकी आहे असे समजू. स्वार, सायकल आणि पाण्याच्या बाटल्या मिळून ८५ किलो भरत असतील, तर ही बचत अर्ध्या टक्क्याहून किंचित जास्त होते. साताऱ्याहून कासला चढायला दीड तास लागत असेल, तर फार तर अर्धे मिनिट वाचेल. शर्यतीत अर्धे मिनिट पुष्कळ असते. कासच्या पठारावर फुले पाहायला जाणाऱ्याचे तेवढे मिनिट पार्किंगच्या रांगेतच जाते.

उतरण्याचा इतिहास चढण्याइतका गाजलेला नाही, पण रोजच्या स्वारासाठी तोच महत्त्वाचा आहे. कार्बनचे धागे ज्या राळेत बसवलेले असतात ती राळ ठराविक तापमानानंतर मऊ पडते, आणि कार्बनची रिम अ‍ॅल्युमिनियमसारखी उष्णता चटकन पसरवून टाकत नाही. पाचगणीहून पसरणीचा घाट उतरून वाईला येताना उंची साडेपाचशे मीटरच्या आसपास कमी होते. ८५ किलोच्या ओझ्याची ती सगळी ऊर्जा ब्रेकवर उतरली, तर तेवढ्या उष्णतेत लिटरभर पाणी सहज उकळेल. रिमवर घासणाऱ्या ब्रेकच्या जमान्यात म्हणूनच कार्बनच्या रिमा लांब उतारावर फुगत, त्यांचे थर सुटत, आणि पावसात तर ब्रेक दाबल्यावर ते लागायला नको इतका वेळ जाई. उत्पादकांनी जास्त उष्णता सोसणाऱ्या राळी आणि खास ब्रेकपॅड आणले, तरी हा प्रश्न मुळातून सुटला तो डिस्क ब्रेकने, म्हणजे रिमऐवजी तुंब्याजवळच्या वेगळ्या चकतीला धरणाऱ्या ब्रेकने. रस्त्यावरच्या शर्यतींत त्यांना २०१८ मध्ये कायमची परवानगी मिळाली आणि रिम ब्रेकच्या कामातून मोकळी झाली. त्यामुळे जुन्या, रिम-ब्रेकच्या कार्बनच्या चाकांची जोडी कोणी स्वस्तात देऊ केली, तर घाटांच्या या जिल्ह्यात ती घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मजबुतीबद्दलचा जुना समज आता बदलायला हवा, हेही सांगितले पाहिजे. २०१० मध्ये स्वित्झर्लंडचे फॅबियन कॅन्सेलारा यांनी दगडी फरसबंदीवरून धावणारी पॅरिस-रूबे शर्यत कार्बनच्या चाकांवर जिंकली, त्यानंतर ही चाके काचेसारखी फुटतात असे म्हणणे अवघड झाले. फरक इतकाच, की त्यांच्या मागे सुटी चाके घेतलेली संघाची मोटार होती. न रंगवलेल्या गतिरोधकावर किंवा उसाच्या ट्रॉल्यांनी उखणलेल्या खड्ड्यात अ‍ॅल्युमिनियमची रिम आपटली तर तिला पोचा पडतो, तो दिसतो आणि पुष्कळदा ठोकून-ओढून घरापर्यंत तरी येता येते. कार्बन वाकत नाही, तो एकतर टिकतो नाहीतर तडकतो, आणि तडा आतल्या बाजूला असला तर दिसतही नाही. माझ्या सोबत्याला महामार्गाच्या सेवा रस्त्यावर साधे पंक्चर झाले, तेव्हा वेगळीच अडचण कळली. बदली ट्यूबचा व्हॉल्व्ह ५० मिलिमीटर खोल रिममधून बाहेरच येईना, आणि टपरीवरच्या पंक्चरवाल्याने चाक हातात घेऊन विचारले, “दादा, ह्यात हवा भरायची कुठून?” व्हॉल्व्हला जोडायची नळी दोन बोटांची वस्तू आहे, पण ती घरी राहिली होती आणि आम्ही चार किलोमीटर चालत गेलो.

साताऱ्यात या सगळ्याहून जास्त विचार वाऱ्याचा करावा लागतो. चाळकेवाडी आणि वनकुसवड्याच्या पठारांवर पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. ठोसेघरहून वर जाताना डोंगराच्या आडोशातून रस्ता एकदम उघड्यावर येतो, आणि त्या एका वळणावर ५० मिलिमीटरच्या उसन्या पुढच्या चाकाने मला हातभर रस्त्याच्या कडेला ढकलले होते. महामार्गावर ट्रकने ओलांडले की तोच झटका आधी बाहेर आणि मग आत असा दोनदा बसतो. ज्यांना ही चाके घ्यायचीच आहेत त्यांनी ३५ ते ४५ मिलिमीटरच्या पलीकडे जाऊ नये, निदान पुढच्या चाकाला तरी. शिवाय रिम टायरपेक्षा निदान ५ टक्के रुंद असावी, नाहीतर वाहता वारा टायरवरूनच सुटून जातो आणि रिमच्या आकाराचा फायदा मिळत नाही. आपल्या रस्त्यांना २८ ते ३२ मिलिमीटरचा टायर हवा, तो जुन्या अरुंद रिमवर चढवला की पैसे दिले त्या गुणावरच पाणी पडते.

सध्या हौशी मंडळींकडून वापरलेल्या जोड्याही हातोहात फिरतात. तशी जोडी घेताना टायर आणि ट्यूब काढायला लावावी, रिम उजेडाकडे धरून आतून-बाहेरून पाहावी आणि रुपयाच्या नाण्याने दर दोन बोटांवर हलके वाजवत पूर्ण फेरी मारावी. कुंभाराकडे मडके वाजवून घेतात तसेच हे आहे. सगळीकडे टणक आवाज येत असताना एखाद्या ठिकाणी तो बद्द आला, तर तेथे थर सुटलेले असण्याची शंका घ्यावी आणि जोडी परत करावी.