कमांड लाइनवरून होम सर्व्हरवर सॉफ्टवेअर टाकताना

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

होम सर्व्हरचे रोजचे काम ब्राउझरमधल्या पानावरून भागते. नवा युजर करायचा, फोल्डर शेअर करायचा, डिस्कची तब्येत बघायची, सगळे तिथे आहे. पण कधीतरी असे काही हवे असते ज्याचे बटण त्या पानावर नसते. डिस्कवरची जागा नेमकी कोणी खाल्ली हे दाखवणारे एखादे छोटे साधन, किंवा फोटोंची नक्कल दुसऱ्या डिस्कवर नेणारा प्रोग्राम. अशा वेळी कमांड लाइनवर, म्हणजे बटणांऐवजी कमांड टाइप करून काम सांगायच्या जागी, यावे लागते. काही ग्राहक इथे येऊन थबकतात आणि आम्हाला फोन करतात. काही जण इंटरनेटवर सापडलेली ओळ कॉपी करून चिकटवतात आणि एंटर दाबतात. आम्हाला काळजी वाटते ती या दुसऱ्या ग्राहकांची. पॅकेज, म्हणजे बसवायला तयार बांधून ठेवलेले सॉफ्टवेअर, टाकणारी कमांड काय काय बदलणार हे आधी पडद्यावर लिहून दाखवते आणि मग होकार मागते. ते लिहिलेले वाचता यावे, एवढ्यासाठी हे पत्रक काढले आहे.

या पत्रकात कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. सर्व्हरबरोबर मिळालेल्या कार्डावर त्याच कमांड रोमन अक्षरांत छापल्या आहेत. टाइप करताना ते कार्ड समोर ठेवा, कारण लिनक्स लहान आणि मोठे अक्षर वेगळे धरते आणि एक स्पेस चुकली तरी कमांडचा अर्थ बदलू शकतो.

आधी सिस्टीम कोणती ते बघा

आम्ही बसवून देतो त्या सर्व्हरवर ओपन मीडिया व्हॉल्ट असते. ते डेबियन लिनक्सवर उभे आहे, त्यामुळे त्यावर ॲप्ट, म्हणजे पॅकेजे उतरवून बसवणारा आणि काढणारा प्रोग्राम, चालतो. पुढचे सगळे याच सिस्टीमसाठी आहे.

घरात दुसऱ्या कंपनीचा सर्व्हर असेल तर हे पत्रक पाहून त्यावर कमांड चालवू नका. ट्रूनॅसची लिनक्स आवृत्तीही डेबियनवरच बेतलेली आहे, पण तिथे ॲप्ट मुद्दाम बंद ठेवले आहे. अपडेट येते तेव्हा तिथे अख्खी सिस्टीम बदलली जाते, आणि जबरदस्तीने टाकलेले पॅकेज त्याबरोबर निघून जाते. सिनॉलॉजीच्या सर्व्हरवर ॲप्ट मुळात नसतेच. क्यूनॅपमध्ये मूळ सिस्टीमचा बराच भाग दर वेळी सुरू होताना मेमरीत नव्याने मांडला जातो, त्यामुळे चुकीच्या जागी टाकलेली फाइल रीस्टार्टनंतर सापडत नाही. या तिघांवर त्यांच्या स्वतःच्या ॲप सेंटरमधूनच सॉफ्टवेअर घ्यावे, असे आम्ही सांगतो.

आत शिरणे

वेब पानावरच्या सर्व्हिसेस विभागात एसएसएच, म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरवरून सर्व्हरची कमांड लाइन उघडून देणारी सोय, चालू करा. मग विंडोज, मॅक किंवा लिनक्स, ज्या कॉम्प्युटरवर असाल तिथले टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडा. विंडोज 10 आणि त्यापुढच्या आवृत्त्यांत एसएसएच आधीपासूनच असते. कमांड अशी:

एसएसएच युजरनेम@सर्व्हरचा-आयपी-पत्ता

पहिल्या वेळी सर्व्हरची ओळख पटवणारा अक्षरांचा एक लांबलचक तुकडा दिसेल आणि पुढे जायचे का असे विचारले जाईल. तिथे येस हा पूर्ण शब्द लिहावा लागतो. त्यानंतर पासवर्ड. तो टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. कीबोर्ड बंद पडला असे वाटून कित्येक जण इथेच परत फिरतात. तुम्ही टाइप करत राहा आणि एंटर दाबा.

एक गोष्ट अजिबात करू नका. घराबाहेरून आत शिरता यावे म्हणून राउटरमध्ये 22 क्रमांकाचा पोर्ट, म्हणजे एसएसएचचे दार, इंटरनेटला उघडून देऊ नका. असे उघडे दार शोधून पासवर्ड आजमावणारे प्रोग्राम इंटरनेटवर दिवसरात्र फिरत असतात. बाहेरून काम करायचेच असेल तर व्हीपीएन, म्हणजे बाहेरून घरच्या नेटवर्कपर्यंतचा सुरक्षित मार्ग, वापरा, ते आम्ही लावून देतो. आणि काम झाले की एसएसएच पुन्हा बंद करा.

पहिले पॅकेज: एनसीडीयू

सुरुवातीला एनसीडीयू टाकून बघा. कोणत्या फोल्डरने किती जागा व्यापली आहे हे ते मोठ्याकडून छोट्याकडे क्रमाने दाखवते. ते मागे सतत चालत राहत नाही आणि कोणतीही सेटिंग बदलत नाही, म्हणून हात बसवायला हे बरे.

सुडो ॲप्ट अपडेट

सुडो म्हणजे पुढची कमांड ॲडमिनच्या अधिकाराने चालवा. तुमचा युजर सुडो ग्रुपमध्ये असायला हवा. नसेल तर वेब पानावरून त्याला त्या ग्रुपमध्ये घाला. अपडेट या नावावरून वाटते तसे ही कमांड काही अपडेट करत नाही. कोणती पॅकेजे, कोणत्या आवृत्तीत मिळतात याची ताजी यादी ती उतरवून घेते, एवढेच. ही पायरी गाळली तर सर्व्हर जुन्या यादीवर विसंबतो आणि पॅकेज सापडत नाही म्हणून तक्रार करतो.

ॲप्ट शो एनसीडीयू

पॅकेज कशासाठी आहे, किती जागा घेईल, आणखी कशावर अवलंबून आहे, हे सगळे इथे दिसते. नाव नीट माहीत नसेल तर शोच्या जागी सर्च लिहून शोधता येते.

सुडो ॲप्ट इन्स्टॉल -एस एनसीडीयू

यातल्या -एसमुळे नुसती रंगीत तालीम होते. काय काय घडेल ते सर्व्हर लिहून दाखवतो, प्रत्यक्षात काहीच करत नाही. मोठे पॅकेज टाकताना ही सवय फार उपयोगी पडते. तालीम ठीक वाटली की -एस काढून तीच कमांड पुन्हा द्या. झाले, पॅकेज बसले.

आता चालवताना:

सुडो एनसीडीयू -आर /एसआरव्ही

ओपन मीडिया व्हॉल्टमध्ये तुमच्या डेटा डिस्क /एसआरव्हीखाली जोडलेल्या असतात. बाणांनी वरखाली जा, एंटरने फोल्डरच्या आत शिरा, क्यू दाबून बाहेर पडा. यातल्या -आरवर आमचा विशेष आग्रह आहे. त्यामुळे एनसीडीयू फक्त बघण्यापुरते उघडते. ते नसेल तर डी हे एक अक्षर दाबताच निवडलेला फोल्डर पुसायचा का असा प्रश्न समोर येतो, आणि इथून पुसलेले कोणत्याही रिसायकल बिनमध्ये जात नाही. डिस्क रेडमध्ये, म्हणजे एकीचा डेटा दुसरीवरही राहील अशा, जोडलेल्या असल्या तरी उपयोग नाही, कारण पुसणेही त्याच क्षणी दुसऱ्या डिस्कवर उतरते.

होकार देण्याआधीच्या चार ओळी

पॅकेजबरोबर आणखी काही पॅकेजे येणार असतील तर ॲप्ट थांबते आणि यादी दाखवते. नवी बसणारी, बदलणारी, आणि काढली जाणारी. शेवटी वाय आणि एन अशी दोन अक्षरे असतात. त्यातले वाय मोठ्या लिपीत असते. याचा अर्थ नुसते एंटर दाबले तरी तो होकारच धरला जातो. म्हणून घाईने एंटर मारू नका.

त्या यादीत सगळ्यात आधी रिमूव्हड हा शब्द शोधा. तो मोठ्या अक्षरांत असतो, डोळ्यांतून सुटत नाही. एखादे नवे पॅकेज टाकताना जुने काढले जाणार असेल तर बहुतेक वेळा काहीतरी गडबड आहे. त्या यादीत ओपन मीडिया व्हॉल्ट, सांबा (फोल्डर नेटवर्कवर शेअर करणारा प्रोग्राम) किंवा तुम्ही न मागता काढले जाणारे दुसरे काही दिसले तर एन दाबा आणि आम्हाला कळवा.

हे का सांगतो त्याचे एक जाहीर उदाहरण आहे. 2021 मध्ये लायनस सेबॅस्टियन या नामवंत यूट्यूबरने पॉप ओएस या लिनक्सवर स्टीम हे गेमचे सॉफ्टवेअर टाकायला घेतले. पॅकेजांमधल्या एका दोषामुळे ॲप्टने अख्खा डेस्कटॉप, म्हणजे खिडक्या आणि आयकॉन दाखवणारा भागच, काढायची यादी समोर मांडली आणि धोक्याची सूचनाही दिली. पुढे जायचे तर ‘येस, डू ॲज आय से!’ असे पूर्ण वाक्य टाइप करावे लागत होते. त्यांनी ते टाइप केले आणि डेस्कटॉप गेला. दोष पॅकेजांचा होता हे खरे, आणि पुढे ॲप्टच्या कर्त्यांनी हा मार्ग आणखी अवघड केला. पण इशारा पडद्यावर लिहिलेला होता. तुमच्या सर्व्हरवर तर वर्षानुवर्षांचे फोटो आहेत, तिथे ही चार वाक्ये वाचायला लागणारे अर्धे मिनिट नक्की काढा.

सर्व्हरवर डेस्कटॉपही टाकू नका. तो आपल्याबरोबर नेटवर्क सांभाळणारा स्वतःचा प्रोग्राम आणतो, तो ओपन मीडिया व्हॉल्टच्या मांडणीशी भांडतो, आणि सर्व्हर नेटवर्कवरून दिसेनासा होतो.

इंटरनेटवरची एका ओळीची कमांड

कर्लने (फाइल उतरवणारी कमांड) सुरू होऊन बॅशवर (कमांड चालवणारा प्रोग्राम) संपणारी एक ओळ पुष्कळ ठिकाणी दिलेली असते. ती इंटरनेटवरून एक स्क्रिप्ट, म्हणजे कमांडची यादी असलेली फाइल, उतरवते आणि न दाखवता लगेच चालवते. पुढे सुडो असेल तर ॲडमिनच्या अधिकाराने. स्क्रिप्ट चांगलीही असेल, पण होकार मागणारी पायरीच तिच्यात राहत नाही. आधी फाइल उतरवा, उघडून वाचा. कळले नाही तर आम्हाला पाठवा, आम्ही बघून सांगू.

ॲप्टचे तसे नाही. डेबियनच्या भांडारातल्या याद्यांवर डिजिटल सही असते, आणि उतरवलेले प्रत्येक पॅकेज त्या सही केलेल्या यादीशी ताडून पाहिले जाते. जून 2023 मध्ये आलेल्या डेबियन 12 मध्ये साठ हजारांहून जास्त पॅकेजे आहेत, त्यामुळे हवे ते साधन बहुधा तिथेच मिळते.

‘पण तिथे जुनी आवृत्ती मिळते’ ही तक्रार आम्ही नेहमी ऐकतो. डेबियनच्या स्थिर शाखेत, म्हणजे तपासून पक्क्या केलेल्या पॅकेजांच्या संचात, आवृत्ती गोठवलेली असते, हे खरे आहे. सुरक्षेच्या दुरुस्त्या मात्र त्याच जुन्या आवृत्तीत घातल्या जातात, म्हणून क्रमांक जुना दिसला तरी भोके बुजवलेली असतात. मार्च 2024 मध्ये एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत चोरदरवाजा सापडला. एसएसएचने आत शिरताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, असे आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरच्या लक्षात आले, त्याने त्याचा पाठपुरावा केला आणि बिंग फुटले. डेबियनच्या चाचणीच्या शाखांत त्या आवृत्त्या पोचल्या होत्या. स्थिर शाखा त्यातून सुटली. म्हणून आम्ही घरच्या सर्व्हरवर स्थिर शाखाच ठेवतो आणि तुम्हीही ती बदलू नये अशी विनंती करतो.

सॉफ्टवेअर कुठे जाऊन बसते

ॲप्टने टाकलेले सगळे सिस्टीमच्या छोट्या डिस्कवर जाते, तुमच्या मोठ्या डेटा डिस्कवर नाही. डॉकर (प्रोग्राम वेगवेगळ्या बंद डब्यांत चालवणारे साधन) वापरत असाल तर त्याच्या इमेजही, म्हणजे त्या डब्यांसाठी उतरवलेल्या फाइल, मूळ मांडणीनुसार याच छोट्या डिस्कवर साठतात. ती गच्च भरली की वेब पानावर पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन होत नाही, आणि ग्राहकाला वाटते पासवर्डच विसरला. तेव्हा मोठे काही टाकण्याआधी

डीएफ -एच

देऊन बघा. शेवटच्या रकान्यात नुसती तिरपी रेघ असलेली ओळ म्हणजे सिस्टीमची डिस्क. ती नव्वद टक्क्यांच्या वर गेली असेल तर सुडो ॲप्ट क्लीन द्या, उतरवून ठेवलेल्या पॅकेज फाइल निघून जातील. डॉकरचा फोल्डर डेटा डिस्कवर हलवायचा असेल तर आम्हाला सांगा.

वेब पानावर असलेली सेटिंग कमांड लाइनवरून फाइल उघडून बदलू नका. ओपन मीडिया व्हॉल्ट स्वतःच्या नोंदीवरून त्या फाइल नव्याने लिहिते, आणि पुढच्या वेळी कोणी ॲप्लाय दाबले की तुमचा बदल पुसला जातो.

अडले तर

लॉक (एका वेळी एकानेच पॅकेजे बदलावीत म्हणून लावलेले कुलूप) मिळाला नाही असा संदेश आला तर दुसरे अपडेट मागे चालू आहे. थांबा. लॉकची फाइल पुसायचा सल्ला इंटरनेटवर मिळेल, तो पाळू नका. पॅकेज बसत असताना वीज गेली किंवा वायफाय तुटले तर परत आत शिरून सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए द्या, अर्धवट राहिलेले पूर्ण होते. मोठ्या अपडेटआधी टीमक्स हा कमांड लाइनचे काम सर्व्हरवर चालू ठेवणारा प्रोग्राम टाकून त्याच्या आत काम केले तर वायफाय तुटले तरी काम थांबत नाही. नको असलेले पॅकेज काढायला सुडो ॲप्ट रिमूव्ह, आणि त्याच्या सेटिंगसह काढायला सुडो ॲप्ट पर्ज. इथेही होकाराआधीची यादी वाचा.

आम्हाला कळवताना पडद्याचा फोटो न काढता मजकूर कॉपी करून पाठवा, शेवटच्या दहाबारा ओळी तरी. सोबत डीएफ -एचचे उत्तर आणि /व्हार/लॉग/ॲप्ट/हिस्टरी.लॉग ही फाइल जोडा. कोणत्या दिवशी, कोणत्या कमांडने काय बसले आणि काय निघाले हे सगळे तिच्यात नोंदलेले असते. पासवर्ड मात्र पाठवू नका, आम्ही तो कधीच मागत नाही.