सूर्याचा ‘रेकॉर्ड केलेला’ आवाज: खुलासा

फिरणारा संदेश असा: अवकाशयानाने सूर्याचा आवाज मायक्रोफोनवर टिपला, तो ऐका.

क्लिप बहुतेक वेळा खऱ्या निरीक्षणांवरून बनवलेली असते, म्हणून समज पसरणं साहजिक आहे. मायक्रोफोन मात्र कुठेच नसतो. सूर्याच्या पोटात ध्वनिलहरी खरोखर घुमतात, पण मधल्या १५ कोटी किलोमीटरच्या जवळपास निर्वात पोकळीतून त्या आपल्यापर्यंत येऊच शकत नाहीत. येतो तो प्रकाश. पृष्ठभाग वरखाली होतो तशा त्या प्रकाशाच्या वर्णपटातल्या (रंगांच्या पट्ट्यातल्या) काळ्या रेषा किंचित निळ्याकडे, किंचित तांबड्याकडे सरकतात; या सरकण्यावरूनच कंपनं मोजून क्लिप बनवतात. एकेका कंपनात पृष्ठभागाचा वेग सेकंदाला जेमतेम १०-२० सेंटिमीटर, म्हणजे रेषेचं सरकणं तरंगलांबीच्या अब्जांशाहूनही कमी! यानाची स्वतःची गती वजा केली नाही, तर हे सगळं तिच्यातच बुडून जातं.

आता पडताळा. मुख्य कंपनाला सुमारे ५ मिनिटं लागतात. १ भागिले ३०० सेकंद, म्हणजे साधारण ०.००३ हर्ट्झ (सेकंदाला इतकी कंपनं). कानाला ऐकू येतं २० हर्ट्झपासून पुढे. नोंदीचा वेग ४२,००० पट केला की ०.००३ चे १२६ हर्ट्झ होतात आणि घुमणारा ‘हूं’ ऐकू येतो. तेव्हा क्लिपच्या मूळ वर्णनात ही पट शोधा. ती दिलीच नसेल, तर स्वराच्या उंचीवरून काहीही ठरवू नका.