२१ दिवसांत सवय पुसली जाते?

‘२१ दिवस पाळा, जुनी सवय पुसली जाते’ हा निरोप म्हापशात आमच्या घरच्या ग्रुपवरही फिरतो. मूळ १९६०च्या पुस्तकातलं: नव्या चेहऱ्याला सरावायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात, असं प्लास्टिक सर्जन मॅक्सवेल माल्ट्झ यांनी लिहिलं. ‘किमान’ वाटेत गळलं. पुढे लंडनच्या एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस निघाले. कुणाला १८, कुणाला २५४.

आणि पुसणं? मेंदू जुनी वाट सहसा खोडत नाही, तिला दाबून नवी शिकतो. काकांनी गिअरची मोटारसायकल सोडून स्कूटर घेतली, त्याला महिने झाले. परवा बाजाराच्या वळणावर गप्पांच्या नादात त्यांनी डाव्या हातानं ‘क्लच’ दाबला. स्कूटरला तिथं ब्रेक असतो! बांगडा मासळीची पिशवी थेट रस्त्यावर.